पहिल्या महायुद्धातले विमान-मेकॅनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लढाऊ विमानांबद्दल लिहायला लागल्यापासून वैमानिकांपेक्षा मेकॅनिकांबद्दलच जास्त प्रश्न येतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची, म्हणजे १९१२ ते १९१८ या काळातली आहेत. शेवटाकडे मेसोपोटेमिया (आजचा इराक) आणि हिंदुस्थानही येतात. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेकॅनिक म्हणजे विमान बिघडलं की दुरुस्त करणारा माणूस, एवढंच ना?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. त्या काळचं विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर कापड, आणि सगळं एकत्र धरून ठेवणाऱ्या तारा. ते काही न बिघडताही बिघडायचं. रात्री दव पडलं की लाकूड फुगे, दुपारी उन्हात आवळे, एखादं उतरणं जरा जोरात झालं की तारा सैल पडत. वापरातली बाज जशी आपोआप झोळ धरते, तसंच. त्यामुळे मोडल्यावर दुरुस्ती हा कामाचा छोटा भाग होता. मोठा भाग रोजच्या जुळवणीचा: काल सरळ होतं ते आज सरळ आहे का, हे रोज नव्याने मोजायचं.

२. फिटर आणि रिगर यांत फरक काय?

इंजिन फिटरचं, बाकी सगळं विमान रिगरचं. इंजिन, पेट्रोलच्या नळ्या, ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो, प्लग हे फिटर बघे. पंख, शेपूट, तारा, कापड, चाकं आणि वैमानिकाच्या हातापायांशी जोडलेले दोर रिगर बघे. याशिवाय शिवणारे, सुतार, लोहार, तांबटकाम करणारे, बंदूकवाले, बिनतारीवाले, छायाचित्रवाले आणि लॉरीचालक हे सगळे याच पलटणीत असत. फिटर-रिगरची जोडी मात्र ठरावीक विमानाला बांधलेली असे आणि त्यांच्यावर फ्लाइट सार्जंट.

३. एका विमानामागे किती माणसं लागायची?

ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या चार स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) आणि त्यांच्या साहित्यतळाचा मिळून आकडा असा: ६३ विमानं, १०५ अधिकारी, ७५५ इतर दर्जाचे. म्हणजे विमानामागे बारा माणसं. युद्ध संपेपर्यंत या दलातून उभी राहिलेली रॉयल एअर फोर्स पावणेतीन लाखांच्या पुढे गेली होती आणि त्यातली बहुसंख्य माणसं कधीच उडाली नाहीत.

४. ही माणसं आली कुठून? त्यांना पगार किती होता?

बहुतेक जण आधीच कुठल्या ना कुठल्या कामात मुरलेले होते: मोटारीच्या गॅरेजमधले, सायकल कारखान्यातले, सुतार, शिंपी, नौकांची शिडं शिवणारे. भरती होताना हाताने काम करून दाखवावं लागे. पायदळाच्या साध्या शिपायाला दिवसाला एक शिलिंग मिळत असताना दुसऱ्या वर्गाच्या एअर मेकॅनिकला दोन आणि पहिल्या वर्गाच्याला चार मिळत. खंदकातल्या शिपायांना हा फरक बोचत असणार, यात नवल नाही. पण सैन्यानेही हे जाणलं होतं की हुन्नर असलेला माणूस कवायतीने तयार होत नाही. युद्धानंतर रॉयल एअर फोर्सचे प्रमुख ट्रेंचर्ड यांनी पोरवयातल्या मुलांना घेऊन तीन वर्षं शिकवण्याची पद्धत घातली. तिची पहिली तुकडी १९२० मध्ये क्रॅनवेलला आणि मुख्य शाळा १९२२ पासून हॉल्टनला. जेट इंजिनवाले फ्रँक व्हिटल याच पद्धतीने शिकले.

५. पंख कापडाचे होते, मग ते हवेत फाटत कसे नसत? रिगर नेमकं काय तपासायचा?

कापड म्हणजे लिनन, जवसाच्या धाग्याचं, मुख्यतः आयर्लंडच्या उत्तरेकडून येणारं. ते फासळ्यांवर ताणून शिवायचं आणि वर डोप नावाचं रसायन चढवायचं. डोप वाळताना कापड आवळतं, वारा आणि पाणी आत शिरू देत नाही. नीट चढलेल्या पंखावर टिचकी मारली की ताशासारखा आवाज येई. गोळीचं भोक पडलं तर चीर टाक्यांनी ओढून घ्यायची आणि वर ठिगळ डोपने चिकटवायचं. ठिगळाच्या कडांचे धागे मुद्दाम मोकळे सोडायचे, म्हणजे कड घट्ट बसते आणि वाऱ्याने उचलली जात नाही.

खरं कौशल्य कापडापेक्षा तारांमध्ये होतं. दोन पंखांच्या विमानात वरचा पंख, खालचा पंख आणि मधले खांब यांचा चौकट आकार तिरप्या तारांनी ताठ राहतो. प्रत्येक तारेला टर्नबकल, म्हणजे पिळून ताण कमी-जास्त करायचा नट. रिगर शेपूट घोडीवर उचलून विमान उड्डाणाच्या स्थितीत आणायचा. मग लांब सरळ पट्टी, पातळी बघायची नळी आणि ओळंबा घेऊन मोजमाप सुरू: पंख टोकाकडे किती उचललेला आहे, वाऱ्याला किती कोन करतो, वरचा पंख खालच्याच्या किती पुढे आहे. एक तार आवळली की तिच्यासमोरची सैल करावी लागे, आणि तसं केलं की आधी जुळवलेलं दुसरं माप हलत असे. एका विमानाला अर्धा दिवस सहज जायचा.

नवशिका रिगर सगळ्या तारा करकचून आवळायचा. दिसायला छान, पण त्याने पंखातल्या लाकडी कड्या वाकत आणि हवेत ताण आला की आधीच वाकलेलं लाकूड मोडे. अनुभवी माणूस तार बोटाने छेडून बघे.

आणखी दोन गोष्टी. पंखा (म्हणजे प्रोपेलर) एका दिशेने फिरतो म्हणून विमान उलट बाजूला कलू बघतं, विशेषतः रोटरी इंजिन असेल तर (प्रश्न ७). रिगर त्या बाजूच्या पंखाचा कोन किंचित वाढवून हा कल मारायचा, म्हणजे वैमानिकाचा हात सतत ओढून धरावा लागत नसे. आणि कप्पीवरून जाणाऱ्या दोरांवरून तो फडकं फिरवत जाई. एखादा धागा तुटलेला असला की फडकं अडकतं, डोळ्यांना दिसो न दिसो.

६. डोप विषारी होतं असं वाचलं. खरं आहे का?

सुरुवातीच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन हा द्रावक असे. त्याच्या वाफेने यकृत बिघडून कावीळ होई आणि काही कामगार दगावले. १९१४ च्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये अशा केसेस नोंदल्या जाऊ लागल्या, आणि पुढे युद्ध चालू असतानाच हा द्रावक बाद झाला. जास्त झळ बंदिस्त कारखान्यात दिवसभर डोप लावणाऱ्यांना लागली आणि त्यांत बायका-मुली बऱ्याच होत्या. मैदानावरच्या रिगरला मोठं भय आगीचं होतं. डोपची हंडी, पेट्रोल आणि कुणाच्या तरी तोंडातली सिगारेट एकाच तंबूत, हे नेहमीचंच.

७. रोटरी इंजिनात एरंडेल तेल का घालत? वैमानिकांना जुलाब व्हायचे ही अफवा की खरं?

रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे मधला मुख्य दांडा, विमानाला घट्ट बसवलेला असतो आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरतात. फिरल्याने ते वाऱ्याने थंड राहतात, पाण्याची गरज नाही, वजन कमी. ग्नोम, ल रोन, क्लर्जे ही सगळी याच घराण्यातली. पण पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जातं, आणि साधं खनिज तेल तिथे पेट्रोलबरोबर धुऊन निघतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून ते घालायचं. ते परत गोळा होत नसे. एकदा आत गेलं की जळून किंवा थेंबाथेंबाने बाहेर फेकलं जाई, अर्धं विमानावर आणि अर्धं वैमानिकाच्या तोंडावर. पोटाच्या तक्रारी खऱ्या होत्या. किस्से मात्र वाढवून सांगितलेले असतात.

फिटरच्या दृष्टीने एरंडेल म्हणजे कधी न संपणारी साफसफाई. ते वाळलं की राळेसारखा थर धरतं, कापडात मुरतं, प्लगवर काजळी बसते. विमान उभं असताना तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं, म्हणून सुरू करण्यापूर्वी तिथले प्लग काढून बघावे लागत. थंडीत ते इतकं घट्ट होई की गरम करूनच ओतायचं. जुन्या ग्नोममध्ये पेट्रोल आत घेणारी झडप चक्क पिस्टनच्या माथ्यावर होती. ती चिकटली की इंजिन अर्धमेलं, आणि तिथवर हात पोचवणं हीच कसरत. अशी बरीच इंजिनं ५० तास चालण्याच्या आत पूर्ण खोलावी लागत, म्हणून प्रत्येक इंजिनाची वही असे आणि तासांची नोंद त्यात होई.

आपल्याकडचा धागा इथे खरा आहे. एरंडीचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होई आणि युद्धाने ही मागणी इतकी वाढवली की १९१८ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांकडून एरंडीची लागवड करवली.

८. सेल्फ-स्टार्टर नव्हता, मग इंजिन सुरू कसं करत?

हाताने पंखा फिरवून. चाकांपुढे लाकडी ठोकळे, शेपटीवर एक-दोन माणसं. मेकॅनिक ओरडून विचारणार की स्विच बंद आहे का, पेट्रोल चालू आहे का. वैमानिक तेच शब्द परत म्हणणार. मग मिश्रण आत ओढायला पंखा काही वेळा सावकाश फिरवायचा. त्यानंतर ‘कॉन्टॅक्ट’ अशी हाक, वैमानिकाने ती परत द्यायची, स्विच टाकायचा आणि मेकॅनिकने पंख्याला जोरात हिसका देऊन त्याच हालचालीत मागे सरायचं. शब्द परत म्हणण्याचा हा पाठ कंटाळवाणा वाटला, तरी त्यात एक शब्द चुकला की हात गेला. मोठ्या इंजिनांसाठी तीन माणसं हातात हात धरून साखळी करत आणि एकदम ओढत. युद्धाच्या अखेरीस फोर्ड गाडीवर बसवलेला हक्स स्टार्टर आला, पण तो सगळीकडे पोचला नाही.

पुढे मोठा लढवय्या झालेला जेम्स मॅककडन १९१३ मध्ये मेकॅनिक म्हणून नवखा होता. एका कॉड्रन विमानाचा पंखा त्याने फिरवला, इंजिन एकदम पूर्ण वेगाने पेटलं आणि विमान रिकामंच धावत सुटून बरंच नुकसान करून थांबलं. पठ्ठ्याला कोठडी झाली.

९. पंख्यातून बंदूक झाडली तर पंख्याला गोळी कशी लागत नसे? हे कोण जुळवायचं?

सुरुवातीला लागतच असे. १९१५ मध्ये फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसने त्याचा मेकॅनिक ज्यूल ह्यू याच्या मदतीने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या, म्हणजे लागलेली गोळी बाजूला उडावी. १८ एप्रिल १९१५ ला गारोस जर्मनांच्या हाती पडला आणि लवकरच जर्मनांसाठी विमानं बनवणाऱ्या फोकरचं खरं जुळणारं यंत्र आलं. पातं समोर असेल त्या क्षणी ते बंदुकीला झाडू देत नसे.

ब्रिटिशांकडे मार्च १९१७ पासून कॉन्स्टँटिनेस्को नावाच्या अभियंत्याचं यंत्र आलं. त्यात लोखंडी दांड्यांऐवजी तेलाने भरलेल्या नळीतून दाबाची लाट जाई. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी वेळ चुके, म्हणून बंदूकवाल्या मेकॅनिकचा अर्धा जीव हवा काढण्यात जायचा. शिवाय तो काडतुसं एकेक करून मापात घालून बघे, कारण किंचित फुगलेलं एक काडतूसही शत्रूसमोर बंदूक अडकवू शके.

१०. सैन्य मागे हटत असताना हे सगळं कसं हलवत?

ऑगस्ट-सप्टेंबर १९१४ ची माघार म्हणजे त्याची खडी परीक्षा. तळ पुन्हापुन्हा बदलला. विमानं अर्ध्या तासात पुढच्या कुरणावर उतरत, मेकॅनिक मात्र निर्वासितांनी भरलेल्या रस्त्यांवरून लॉरीतून येत, आणि आल्या आल्या कंदिलाच्या उजेडात कामाला लागत. सरकारी गाड्या अपुऱ्या म्हणून व्यापाऱ्यांच्या गाड्या जशाच्या तशा घेतल्या होत्या. पाचव्या स्क्वाड्रनच्या दारूगोळ्याची गाडी भडक लाल रंगाची, बाजूवर सॉसची जाहिरात. वरून ओळखायला सोपी, म्हणून वैमानिक आपली माणसं कुठवर आली हे तिच्यावरून बघत!

१२ सप्टेंबरच्या रात्री फेर-आँ-तार्दनुआला वादळ आलं. खुंट्यांना बांधलेली विमानं उपटली गेली, एकमेकांवर आदळली, आणि माणसं अंधारात पंखांना लोंबकळून ती धरू बघत होती. पाचव्या स्क्वाड्रनचं सर्वांत जास्त नुकसान झालं. त्यानंतर हळूहळू बेसोनो नावाचे लाकडी चौकटीचे मोठे कापडी हँगर आले.

११. हे लोक आघाडीच्या मागे होते, म्हणजे सुरक्षितच ना?

खंदकापेक्षा नक्कीच. पण युद्ध सुरू झाल्यावर या दलाचे जे पहिले दोघे मेले, त्यांतला एक मेकॅनिक होता. १२ ऑगस्ट १९१४ ला इंग्लंडमधल्या नेदरॅव्हनहून निघालेलं ब्लेरियो विमान कोसळून लेफ्टनंट स्कीन आणि एअर मेकॅनिक बार्लो दोघेही गेले. १२ मार्च १९१५ ला फ्रान्समध्ये शोक नावाच्या गावी तिसऱ्या स्क्वाड्रनच्या एका विमानावर बॉम्ब चढवत असताना स्फोट होऊन कॅप्टन चोमली यांच्यासह डझनभर माणसं ठार झाली. पंख्याने झालेल्या इजा वेगळ्या (प्रश्न ८).

१२. मेकॅनिक स्वतः उडत का?

उडत. १९१५-१६ मध्ये दुसऱ्या बैठकीवर बंदूक घेऊन बसायला माणसं कमी पडत आणि मेकॅनिक पुढे होत. जर्मनांचा नामांकित लढाऊ वैमानिक इमेलमान १८ जून १९१६ ला पडला, तेव्हा ब्रिटिश विमानात बंदुकीवर कॉर्पोरल वॉलर होता. मॅककडन मेकॅनिकवरून आधी निरीक्षक (वैमानिकासोबत बसून टेहळणी करणारा), मग वैमानिक झाला, ५७ विजय आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून जुलै १९१८ मध्ये अपघातात गेला. थॉमस मॉटरशेडही मेकॅनिक म्हणूनच भरती झालेला. ७ जानेवारी १९१७ ला पेटलेलं विमान त्याने साथीदाराला वाचवत खाली आणलं आणि नंतर भाजलेल्या जखमांनी मेला. या दलात अधिकारी नसताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो एकटाच.

असं असलं तरी वर चढणं सोपं नव्हतं. चांगला फिटर वैमानिक झाला तर फिटर कोण, हा प्रश्न त्याच्या वरिष्ठांना अधिक सतावत असे, आणि माझ्या मते त्यांचं बरोबरही होतं.

१३. विमान हवेत मोडलं तर दोष मेकॅनिकवर यायचा का?

कधी योग्य कारणाने, कधी उगाच. टर्नबकलला तार गुंडाळून कुलूप घातलं नसेल आणि ते उकललं, तर दोष रिगरचाच. पण बरेच अपघात आराखड्याच्या चुकीचे होते. न्यूपोर आणि जर्मन अल्बाट्रॉस यांचा खालचा पंख एकाच कडीवर उभा असे. तो झेपेत पिळवटून तुटायचा आणि रिगरने कितीही मापं घेतली तरी फरक पडत नसे. २०० अश्वशक्तीच्या काही हिस्पानो इंजिनांच्या गिअरचे दाते कारखान्यातच नीट कडक झाले नव्हते. मैदानावरचा फिटर ते फार तर उघडून बघू शके.

१४. बायका हे काम करत होत्या का?

कारखान्यात सुरुवातीपासून. तळांवर १९१७ पासून, आणि १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्सबरोबर स्त्रियांचं वेगळं दल निघाल्यावर फिटर, रिगर, शिवणकाम, डोप अशा सगळ्या कामांत. हे दल १९२० मध्ये मोडलं.

१५. मेसोपोटेमियात विमानं होती का? मराठा पलटणी तिकडे होत्या म्हणून विचारतो.

होती. हिंदुस्थान सरकारने १९१५ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक-मेकॅनिक मागितले. त्यांची छोटी तुकडी मुंबईमार्गे मे महिन्यात बसऱ्याला पोचली. तिथे उन्हाने लाकूड आवळून सांधे सुटत, रोटरी इंजिनात वाळू जाई आणि पहाटेच उड्डाणं उरकावी लागत.

डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत गावाला तुर्कांचा वेढा पडला. आत अडकलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. विमानदलाचे काही मेकॅनिकही आतच राहिले. विमानं उडणार नाहीत म्हटल्यावर त्यांनी ग्नोमच्या सिलिंडरपासून छोट्या उखळी तोफा बनवल्या. बाहेरून ३० व्या स्क्वाड्रनने पिठाची पोती टाकली, दळायला जात्याचे दगडही टाकले. बाहेरच्या मेकॅनिकांना यासाठी जुनाट विमानांना पोती बांधायच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. पोचवलेलं अन्न पुरलं नाही. वेढ्याअखेर तुर्कांच्या कैदेत गेलेल्या नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिकांपैकी सात परतले नाहीत.

१६. भारतीय मेकॅनिक कधीपासून?

भारतीय वायुदल ८ ऑक्टोबर १९३२ ला कायद्याने स्थापन झालं. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, चार वापिती विमानांची. तंत्रज्ञांना हवाई शिपाई म्हणत. त्यांतले हरजिंदर सिंग लाहोरच्या मॅक्लेगन कॉलेजातून अभियंता होऊन शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाले. पंखांवरचं कापड, तारा आणि जुळवणी वापितीतही होतीच. इंजिन मात्र स्थिर सिलिंडरांचं ज्युपिटर, म्हणजे प्रश्न ७ मधल्या एरंडेलापासून सुटका.

१९४१ मध्ये मुंबईच्या नागरिकांच्या युद्धनिधीतून याच स्क्वाड्रनला लायसँडर विमानं मिळाली. ती टेहळणीची. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात हरजिंदर आणि त्यांच्या माणसांनी त्यांना बॉम्ब टांगायची सोय जागच्या जागी केली, आणि स्क्वाड्रनचे प्रमुख के. के. मजुमदार ती घेऊन जपानी तळावर गेले.

१७. माझ्याकडे जुना फोटो आहे. त्यातला मेकॅनिक कोणता हे कसं ओळखू?

छातीवर दोन्ही पंखांचं चिन्ह असेल तो वैमानिक. एकच पंख आणि ‘ओ’ अक्षर असेल तर निरीक्षक. तिरप्या बटणपट्टीचा बंद गळ्याचा कोट आणि होडीच्या आकाराची टोपी सगळेच घालत, त्यावरून काही ठरवू नका. खुर्चीवर कोण बसलंय यापेक्षा विमानाला टेकून बाह्या दुमडून कोण उभं आहे ते बघा. शेपटीवरचा क्रमांक वाचता आला तर विमान कुठल्या साली तयार झालं हे बहुधा कळतं, म्हणून फोटो स्कॅन करताना ती कड कापू नका.